गुडघाभर पाणी

रतनबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, पाण्यात एक पाय घातला आणि थांबल्या. पाणी कोमट होतं.

“आजी, पायातली जोडवी काढा हो,” पुढं गेलेली फुलाबाई ओरडली. खाडीत माणसं आणून त्यांना शार्क दाखवायचे, हा तिचा धंदा. “चमकलं की मुशी धावते. तिला वाटतं मासळीच हाय.”

“काढलीत,” रतनबाई म्हणाल्या.

फुलाबाईनं नितळ पाण्यातल्या त्यांच्या बोटांकडं पाहिलं. जोडव्यांच्या जागी कातडी अजून फिकी होती. तिनं हातातली काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि पुढं चालू लागली.

सुलक्षणा आईचा दंड धरून मागोमाग निघाली. आई पाण्यात उतरली याचंच तिला नवल वाटत होतं. गुंजवणी नदीवर धरण झालं, जुनं घर आणि घरापुढचं खळं पाण्याखाली गेलं, तेव्हापासून रतनबाईंनी त्या पाण्याला पाय लावला नव्हता. तिचे वडील, अण्णा, मात्र दर वर्षी मे महिन्यात, पाणी सगळ्यांत खाली गेलं की, खळं उघडं पडलं का ते बघायला काठापर्यंत जाऊन यायचे. परत आले की अंगणात पाय धुवायचे आणि एवढंच म्हणायचे, “न्हाई उघडलं.” रतनबाई चहा टाकायच्या.

यंदा शिमग्याच्या आधी अण्णा गेले.

जन्मभर भात लावलेल्या, समुद्र एकदाही न पाहिलेल्या या माणसाला शेवटच्या वर्षात ही खाडी बघायची होती. सार्थकच्या, म्हणजे नातवाच्या, मोबाईलवर त्यांनी तिचा व्हिडिओ पाहिला होता. माणसं गुडघाभर पाण्यात उभी आहेत आणि त्यांच्या पायांमधून शार्कची पिल्लं फिरताहेत. तो व्हिडिओ ते पुन्हा पुन्हा लावायला सांगायचे. पोरगं कंटाळून मधेच मोबाईल ओढायला लागलं की म्हणायचे, “थांब की लेका, संपू दे.” पाऊस सरला की जायचं असं ठरलं. पाऊस सरला तेव्हा अण्णांना उंबरा ओलांडवत नव्हता.

सुलक्षणा भोरच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. गेल्या काही महिन्यांत तिनं शार्कवरचं मिळेल ते वाचून काढलं होतं. अण्णांना त्या माशांत काय दिसलं, ते तिला हवं होतं. पुस्तकांत ते सापडलं नाही, म्हणून पहाटे गाडी काढून, आईला घेऊन, ती वरंधा घाट उतरून इथं आली होती.

“हलू नका आता,” फुलाबाई म्हणाली.

आधी पाण्यावर काळ्या टोकाचा एक पर दिसला. मग दुसरा. हातभर लांबीची करडी पिल्लं वाळूवर स्वतःच्या सावल्या ओढत आली, वळली, पुन्हा आली. एक सुलक्षणाच्या पोटरीला घासून गेलं. खरखरीत, पॉलिशपेपरसारखं. त्याचा डोळा तिला स्पष्ट दिसला. त्या डोळ्यात ती कुठंच नव्हती. तिनं श्वास धरला होता. आता काहीतरी कळेल, असं तिला वाटलं. पिल्लं खोल पाण्याकडं निघून गेली आणि वाळू हळूहळू खाली बसली.

“बघितलंस, आई?”

“बघितलं की. आपल्या बाजारात सुकी मुशी येती, तीच न्हवं का ही?”

“तीच आजी, तीच!” फुलाबाई हसली. “पण जित्तेपणी लई देखणी.”

“व्हय, देखणी हाय. कालवणात न्हाई कळत.”

सुलक्षणाही हसली. मासे सुंदर होते. एवढंच.

काठावर येऊन तिनं आईचे पाय पुसले, चपला पुढं ठेवल्या. रतनबाईंनी त्या घातल्या आणि तिथल्याच एका खडकावर बसल्या. फुलाबाई दुसऱ्या गिऱ्हाइकांकडं गेली.

“चल आई. उजेड आहे तोवर घाट चढायचाय.”

“थांब की. संपू दे.”

सुलक्षणानं वळून पाहिलं. “काय संपू दे? मासे गेले आता.”

“मासं जात्यात, मग पानी जातं,” रतनबाई म्हणाल्या. “मला बी दावलं हुतं त्यांनी. शेवटाला हाय ते. पार तळ दिसतो.”

सुलक्षणा खाली बसली. तिनं तो व्हिडिओ शेवटपर्यंत कधीच पाहिला नव्हता.

ओहोटी लागलीच होती. पाणी कुठून जातंय ते दिसत नव्हतं. नजर फिरवून पुन्हा पाहिलं की ते आणखी मागं गेलेलं असायचं. एक होडी कुशीवर कलंडली. जाळी बांधायचे खांब मुळापर्यंत उघडे पडले. मघाशी त्या जिथं उभ्या होत्या, तिथं ओला, सपाट तुकडा चकाकू लागला.

मग रतनबाई उठल्या. ओलं सुरू होतं तिथं थांबल्या, चपला काढल्या आणि एकीला एक लावून नीट ठेवल्या. सुलक्षणानं मान वर केली. खळ्यात पाऊल टाकण्याआधी आई अशाच चपला काढायची.

रतनबाई सावकाश आत चालत गेल्या. खांबांच्या पुढं उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून चारी बाजूंना बघितलं. वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळली.

“उघडलं,” त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही, अंगणात कुणी पाय धुत असेल, त्याला ऐकू जाईल एवढंच.

सुलक्षणानं गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि आईच्या चपलांशेजारी आपल्या चपला काढल्या.