हिल्क्काच्या शिंगातलं काळं रक्त

"पडदा उघडू नकोस गं, उजेड टोचतो." लहानपणी ऐकलेला आईचा आवाज तुइरेच्या कानांत अजून होता. त्या हिवाळ्यात आई भिंतीकडे तोंड करून निजली, ती पुन्हा उठलीच नाही.

आज तळ्याकाठच्या सौनात, लाकडी वाफघरात, बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. वाफेत सगळ्यांचे डोळे हिल्क्का वैदिणीच्या हातांवर. पाठीला बारीक चिरा देऊन ती गाईच्या शिंगानं 'वाईट रक्त' ओढी. शेजारणीचं शिंग तिनं उपडं केलं. लालबुंद रक्त वाहिलं. तुइरेच्या शिंगातून मात्र काळा गोळा पडला.

"बघा बायांनो, पिढीजात काजळी! आईची लेकीत, लेकीची नातीत. मासे, अंडी, दूध बंदच ठेव. डॉक्टरच्या गोळ्या चुलीत घाल. आणि उद्या पोरीला आण, तिलाही शिंग लावते."

तुइरेची लेक पिहला जेमतेम सात वर्षांची. हिल्क्काच्या शब्दावर महिनाभर तुइरे स्वतः कोरड्या पावावर राहिली होती, उदासीवरच्या गोळ्या सोडल्या होत्या, आणि मनानं रोज थोडी थोडी बुडत होती.

वरच्या फळीवरून रित्वा डॉक्टर उतरली. कोट नाही, नळी नाही. सौनात सगळ्या सारख्याच.

"हिल्क्का, मलाही लाव."

"तुमचं कशाला, डॉक्टरीणबाई? तुमचं लालच असणार."

"लाव तरी. पण चटकन काढू नकोस. तुइरेचं ठेवलंस तितकंच ठेव."

"आता वाफ फार झाली..."

"वाफेला तू कधीपासून भ्यायला लागलीस?" कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली.

शिंग लागलं. निघालं तेव्हा तसाच काळा गोळा पडला.

"रक्त शिंगात बसून राहिलं की गोठतं, काळवंडतं. कुणाचंही," रित्वा म्हणाली. "शेजारणीचं लगेच ओतलं, तुइरेचं ठेवून दिलं. एवढीच विद्या. बायांनो, चमत्कार दिसला की आधी तो स्वतःच्या पाठीवर करून मागा."

"पण माझी आई?" तुइरे पुटपुटली. "ते रक्तात नव्हतं?"

"उदासीचा कल घराण्यातून येऊ शकतो गं. पण कल म्हणजे निकाल नव्हे. तळ्यावरचा बर्फ कुणाच्या वाट्याला पातळ येतो. त्यानं जपून चालायचं, घरात कोंडून घ्यायचं नाही. मासा खा, अंडं खा. उपाशी शरीरात मनाला थारा मिळत नाही. नुसत्या जेवणानं भागेल असं मात्र नाही. गोळ्या पुन्हा सुरू करू. आणि बोलायचं."

शेगडीवरचे दगड चुरचुरत राहिले.

"मलाही," ती अखेर म्हणाली, "सकाळी उठूच नये असं वाटतं."