प्रेक्षकांच्या मताचा आदर

उरुग्वे मंगळवारी दुपारी साडेचारला बंद झाला. परदेशी बातम्यांच्या चॅनेलवर निवेदिकेनं तसं शांतपणे सांगितलं, "हा देश आजपासून बंद करत आहोत. सोबत राहिलेल्या प्रेक्षकांचे आभार," आणि कागद उलटून ती पुढच्या बातमीकडे वळली.

कराडच्या शनिवार पेठेत, आपल्या बाहेरच्या खोलीत बसलेल्या शरयू खैरमोडे यांनी चहाचा कप खाली ठेवला. चौतीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. पेठेत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. दिवाळीपासून बंद झालेला हा बारावा देश. चाड बंद झाला तेव्हा बाई कोथिंबीर निवडत होत्या. मंगोलिया गेला तेव्हा "अरेरे, केवढा मोठा देश," म्हणाल्या आणि कुकर बंद करायला आत गेल्या. पण उरुग्वेत त्यांची मुक्ता राहत होती.

त्यांनी नकाशांचं पुस्तक काढलं. ब्राझील आणि अर्जेंटिना एकमेकांना येऊन चिकटले होते. मधे शिवण घातल्यासारखी एक बारीक रेघ तेवढी होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. कागद तिथं किंचित गरम लागला.

त्यांनी फोन लावला. मुक्तानं लगेच उचलला.

"आई, बरं झालं केलास. इथं सकाळपासून सावल्या पडत नाहीयेत."

"ऊन नाही का?"

"ऊन आहे ना, चांगलं कडक आहे. सावल्या नाहीत."

"मार्टिन कुठाय?" मार्टिन म्हणजे बाईंचा जावई.

"पाव आणायला गेलाय. परत येताना दिसतोय खिडकीतून. तासभर झाला, येतोच आहे. पोचत नाहीये."

"तू घाबरली नाहीस ना?"

"नाही," मुक्ता म्हणाली. मग म्हणाली, "आई, माझा हात मला एका बाजूनंच दिसतोय. वळवला की दिसत नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि देवाजवळ उभ्या राहिल्या. पण काय मागायचं ते त्यांना नेमकं सुचेना. इतक्यात शेजारचे माधवराव साबडे दारात आले. एस.टी.तून निवृत्त झालेले, त्यामुळे कुणाचंही काही अडलं की कुठली गाडी धरायची ते आपण सांगायचं, असा त्यांचा स्वभाव होता.

"बाई, ऐकलं मी," ते म्हणाले. "पायात चपला घाला. वाचनालयाच्या सभागृहात चॅनेलवाले आलेत. प्रेक्षकांची मतं घेतायत. सातपर्यंत आहेत. मतं चांगली पडली तर देश परत उघडतात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"बोर्डच लावलाय बाहेर."

बोर्ड खरंच होता. 'आमच्याबद्दल आपलं मत काय? आम्ही प्रेक्षकांच्या मताचा आदर करतो.' आत खुर्च्यांच्या वीस रांगा होत्या आणि पुढं टेबलाशी एक गोरी, उंच बाई बसली होती. शरयूबाईंनी तिला ओळखलं. ही हवामान सांगणारी हॅरिएट. अकरा वर्षं रोज तिचा हात दक्षिण अमेरिकेवरून खाली सरकत यायचा आणि मुक्ताच्या गावावर क्षणभर थांबायचा. आज हवा सोळा, उद्या सतरा. तेवढ्या नऊ सेकंदांसाठी बाई पूर्ण अर्धा तास टीव्ही लावून बसत.

हॅरिएट मराठीत बोलत होती. तिचे ओठ आधी हलत आणि आवाज जरा वेळानं येई. तिच्यापुढं छापील फॉर्मांचा गठ्ठा होता. प्रेक्षक बोलत, ती लिहून घेई.

दुधाच्या डेअरीवाली रोहिणी डुबल उभी होती. ही बाईंचीच विद्यार्थिनी.

"आधी बातमी सांगायचे," रोहिणी म्हणाली. "आता सहा चौकटी आणि सहा तोंडं. सगळी एकदम बोलतात. माझ्या सासूबाईंना वाटतं, टीव्ही बिघडलाय."

हॅरिएटनं लिहिलं, शिक्का मारला. "धन्यवाद. तुमच्या मताचा आदर करून पोर्तुगाल बंद करत आहोत."

सभागृहाची मागची भिंत सरकली आणि विसावी रांग दिसेनाशी झाली. तिथं बसलेली माणसं उठून एकोणिसाव्या रांगेत आली.  तिथल्यांनी सरकून जागा करून दिली फक्त.

मग कॉलेजातले मुजावर सर उठले. "मी रागावून सांगतो, पण खरं सांगतो," ते म्हणाले. "आमच्या कृष्णेला पूर आला तेव्हा तुम्ही आलात. हेलिकॉप्टरमधून. आम्ही वरून मुंग्यांसारखे दिसलो असू. पाणी ओसरलं, तुम्ही गेलात. घरात चिखल कमरेएवढा होता, तो तुम्ही पाहिलाच नाही. जगाला आम्ही फक्त बुडताना माहीत आहोत."

सभागृहात टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या, कारण सर बोलले ते खरंच होतं.

"अतिशय मोलाचं मत," हॅरिएट म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते खाली येत नव्हतं. "नॉर्वे आणि केनिया."

दोन रांगा गेल्या.

एकजण म्हणाला, "दिवसभर तीच ती चित्रफीत." दुसऱ्यानं सांगितलं की सगळं मोबाइलवर मिळतं, चॅनेल हवंय कुणाला. चिवटे वहिनींनी विचारलं, "आमच्या गल्लीतलं गटार तुमच्या बातम्यांत कधी आलं का?" मग त्या इतरांकडं वळून म्हणाल्या, "नाही ना?" प्रत्येक मतामागं एक देश जात होता आणि भिंत पुढं येत होती. शेवटी माणसं मांडीला मांडी लावून बसली.

बाई माधवरावांच्या कानाशी वाकल्या. "हे सगळे तक्रारच करतायत. चांगलं बोलल्यावर उघडतात ना?"

"मग तुम्ही बोला की चांगलं."

बाईंचा नंबर आला तेव्हा खुर्च्यांच्या चारच रांगा उरल्या होत्या. त्या टेबलाशी गेल्या.

"तुमचं चॅनेल फार छान आहे," त्या म्हणाल्या.

हॅरिएटनं लिहिलं. कागदावर काहीच उमटलं नाही. तिनं पेन झटकलं, पुन्हा लिहिलं. कागद कोराच राहिला.

"खोटं मत शाई घेत नाही," ती दिलगिरीनं म्हणाली. "मला आवडलं असतं. पण घेत नाही."

बाई तशाच उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत त्यांनी त्या चॅनेलवर काय पाहिलं होतं? लढाईची बातमी लागली की त्या चहा टाकायला जात. निवडणुका लागल्या की आवाज बंद करत. त्या आठवत राहिल्या, आणि पुष्कळ वेळानं एक गोष्ट सापडली.

"एकदा," त्या म्हणाल्या, "कुठल्या तरी देशात पूर आला होता. नाव माझ्या लक्षात नाही. एक बाई छातीएवढ्या पाण्यातून चालत होती. डोक्यावर शिलाई मशीन. तुमचा वार्ताहर तिला विचारत होता, 'घर गेलं?' ती म्हणाली, 'गेलं, पण सुई आहे.' आणि हसली. माझे मिस्टर तेव्हा आजारी होते. त्या दिवशी मी टीव्ही बंद करून रडले, मग उठून त्यांचे कपडे बदलले. मला तिनं बळ दिलं. तुम्ही दाखवलं नसतंत तर ती मला भेटली नसती."

पेन सरसर चाललं. शाई काळीभोर उमटली.  रोहिणीनं पदरानं डोळे पुसले.

"आजचं पहिलं चांगलं मत," हॅरिएट म्हणाली आणि शिक्का मारला. "त्या बाईचा देश उघडला."

"आणि उरुग्वे?"

"तुम्ही त्या बाईचं सांगितलंत. तिचा उघडला. एका चांगल्या मताला एक देश."

बाईंनी टेबलाची कड धरली. मग वळून त्या लोकांना म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या तशाच आवाजात, "कुणी उरुग्वे पाहिलाय का? टीव्हीवर, कसाही. एकदा तरी. माझी मुलगी आहे तिथं."

माणसं मनापासून आठवू लागली. मुजावर सरांनी डोळे मिटले. चिवटे वहिनी नवऱ्याला कोपरानं ढोसू लागल्या. "निळे शर्ट," माधवराव एकदम म्हणाले. "फुटबॉल!"

"खेळ गेल्या वर्षी बंद झाले," हॅरिएट म्हणाली.

कुणाला काहीच आठवलं नाही. त्या देशात कधी काही वाईट घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, म्हणून तो कुणी पाहिलाच नव्हता. "बाई, सॉरी हं," रोहिणी म्हणाली.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "मला सगळं माहीत आहे. नदी एवढी रुंद आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. माणसं बगलेत थर्मास धरून फिरतात, कडू पानांचा चहा असतो त्यात."

शाई उमटली नाही.

"तुम्ही पाहिलंय का हे?" हॅरिएटनं विचारलं.

बाईंनी पाहिलं नव्हतं. मुक्ता दरवर्षी म्हणायची, आई ये. आधी मिस्टरांचं आजारपण होतं, नंतर गुडघे, नंतर घर इतके दिवस बंद कसं ठेवायचं. पुढच्या वर्षी बघू, असं बाई अकरा वेळा म्हणाल्या होत्या.

"ऐकलेलं चालत नाही," हॅरिएट म्हणाली. "पाहणाऱ्यानं सांगायला हवं. आमचा तिथं वार्ताहर असता तर गोष्ट वेगळी होती. त्याला आम्ही परत बोलावलं." तिचे ओठ थांबले, आवाज मागून येत राहिला. "सगळ्यांना परत बोलावलं. मी शेवटची आहे."

"मुक्ता पाहतेय," बाई म्हणाल्या. "ती सांगेल, मी इथं बोलेन. चालेल?"

हॅरिएटनं विचार केला. मग ती उठली आणि तिनं आपली खुर्ची बाईंपुढं केली. "बसा. समोर बघून बोला. मागं बघायचं नाही, तसा नियम आहे. सांगणारा मागं बघत नाही."

बाई बसल्या. त्यांनी फोन कानाला लावला. सभागृहात आता मोजक्याच रांगा होत्या. माणसं भिंतींना टेकून, मुलांना कडेवर घेऊन उभी होती आणि बाईंकडं पाहत होती.

"मुक्ता, तुला दिसतंय ते सांग. घाई नको."

"आई, फार थोडं दिसतंय आता." तिचा आवाज कागद फडफडावा तसा येत होता.

"थोडं तर थोडं. सांग बाळा."

"रस्ता आहे. कोपऱ्यावरचं झाड आहे."

"रस्ता आहे," बाई सभागृहाला म्हणाल्या. "कोपऱ्यावर झाड आहे." हॅरिएटनं उभ्यानंच लिहिलं. शाई उमटली, फिकट, पण उमटली. माधवरावांनी मान हलवली. चालू द्या.

"मार्टिन आहे. अजून येतोय."

"मार्टिन आहे. पाव घेऊन येतोय."

"झाड गेलं."

बाईंनी ते सांगितलं नाही. "दुसरं काय दिसतंय, मुक्ता? लवकर."

"समोरच्या इमारतीत एक खिडकी आहे. आधी नव्हती ती."

"समोर एक खिडकी आहे," बाई म्हणाल्या. शाई या वेळी जास्त काळी उमटली. लोक पुढं सरसावले.

"खिडकीत दिवा लागलाय. एक बाई बसलीय टेबलाशी. पांढरे केस आहेत."

"खिडकीत एक बाई बसलीय," बाईंनी सांगितलं. "तिचे केस पांढरे आहेत." पेन नुसतं धावत होतं. पहिल्या रांगेत रोहिणीनं तोंडावर हात ठेवला होता. मुजावर सर उठून उभे राहिले होते आणि बाईंच्या डोक्यावरून पलीकडं पाहत होते.

"तिच्या कानाला फोन आहे," मुक्ता म्हणाली. "तिच्यासमोर पुष्कळ माणसं आहेत. ती सगळी तिच्या पाठीमागं बघतायत, आई. माझ्याकडं बघतायत."

बाईंनी शब्दन् शब्द सांगितला. शाई ठळक होती.  त्यांच्या पाठीला गार वारा लागला, रुंद पाण्यावरून येतो तसा.

"ती बाई वळून का बघत नाही?" मुक्तानं विचारलं.

समोर बघत, स्वच्छ आणि सावकाश, शरयूबाईंनी सभागृहाला सांगितलं, "ती बाई वळून का बघत नाही, असं तिकडून विचारतायत."