दुरुस्त करून परत नेलेला मिक्सर

नव्या मिक्सरचा कस्तुराला असा झटका बसला, की कासारवाडीपासून राजगुरुनगरपर्यंतचे दिवे मंद झाले आणि आमच्या चाळीतलं मांजर दुपारपर्यंत छताला चिकटून राहिलं. मांजराचं पटत नसेल तर राहू द्या. झटका खरा होता. सोमवारपासून तिला चाकणच्या एका मेसला रोज चटणी पुरवायची होती. त्या जोरावर तिनं धुण्याभांड्याची कामं सोडतेय म्हणून सांगूनही टाकलं होतं.

"परत द्या आणि दुसरा आणा," ती नवऱ्याला म्हणाली.

भीमराज कंपनीत मेंटेनन्सला. बिघडलेलं मशीन पुढच्या शिफ्टच्या गळ्यात मारणं त्याला जन्मात जमलं नाही. दुकानदाराला बिघाड दाखवता यावा म्हणून त्यानं मिक्सर उघडला, आणि हातांनी सवयीनं सैल तार जागेवर बसवून वर टेपही मारला.

दुकानात निरंजनशेठनं मिक्सर चालवून पाहिला. छान चालला.

"कुठाय दोष, भाऊ?"

"होता. मी काढला."

"मग आभारी आहे!" शेठ इतका गोड हसला, की काउंटरला मुंग्या लागल्या. त्यानं मागच्या पाटीकडे बोट केलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"ती पाटी कायद्यात बसत न्हाई," कस्तुरा म्हणाली. "बिलावर मुदत नसंल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यावाच लागतो. बदलून द्या, न्हाईतर पैसे द्या."

"सदोष माल, ताई! घेतो की. आधी दोष तर आणा."

भीमराजला चेव चढला. "स्क्रूड्रायव्हर द्या. होता तसा करून दाखवतो."

"अहो, नका!" कस्तुरा ओरडेपर्यंत त्यानं तार उपटलीही. शेठचा मोबाइल तोवर वर झाला होता.

"झालं शूटिंग. गिऱ्हाईक स्वतः माल बिघडवतंय. आता खुशाल ग्राहक आयोगात जा, राव. पुरावा मीच पाठवतो."

रस्त्यावर भीमराज म्हणाला, "घरी परत जोडतो. फर्स्टक्लास चालंल."

"चालंल. पण मी त्याला हात लावणार न्हाई."

"माझ्यावर भरवसा न्हाई?"

तिनं मोबाइल काढला. मेसच्या सोपानरावांना फोन लावून "चटणीला दुसरी बाई बघा, दादा," एवढंच म्हणाली. मग दुसरा फोन लावला.

"इंदुताई, नवी बाई ठेवली का हो? नसंल ठेवली तर सोमवारी मीच येते भांड्यांना."