अर्धी काच चांदीची

द्वारका चौकाजवळच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर तेजोमहाराज रोग्याची थुंकी काचेच्या पट्टीवर घ्यायचे आणि वर जांभळा दिवा धरायचे. पट्टीचं टोक लालसर मिणमिणायचं. "हा तुझा रोग!" मग पट्टीवर मखमली फडकं, थोडं पुटपुटणं, पुन्हा थुंकी. आता टोक लालभडक पेटायचं. "रोग जळाला! औषधं बादलीत टाका!" आणि लोक टाकत होते, चांगली शिकलेली गाढवं.

येवल्याच्या पुतळाबाईंनी परवा आपल्या अकरा वर्षांच्या पिंकीचं इन्सुलिन असंच टाकलं होतं. आज पोरगी त्यांच्या मांडीवर धापा टाकत होती.

"महाराज, लय उलट्या होत्यात हिला."

"रोग बाहेर पडतोय, माई. आनंद माना."

माझ्याबरोबर चैताली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता भौतिकशास्त्रात संशोधन करते. ती तडक मंचावर चढली.

"महाराज, माझाही रोग बघा."

त्यांनी पट्टी पुढे करताच तिने ती हिसकावून फिरवली, जांभळ्या दिव्याखाली धरली आणि दुसऱ्या टोकावर थुंकली. मंत्राआधीच लालभडक! मग स्वतःच काहीबाही पुटपुटून ती पहिल्या टोकावर थुंकली. मिणमिण.

"म्हणजे मंत्राने मला रोग झाला?"

"अपवित्र बाई!" महाराज किंचाळले.

चैताली लोकांकडे वळली. "पट्टीभर क्वांटम डॉटचा थर आहे. डोळ्यांना न दिसणारे कण, जांभळ्या प्रकाशात लाल चमकतात. अर्ध्या पट्टीत त्यांच्याखाली चांदीचे सूक्ष्म कण आहेत, मध्ये पातळ पारदर्शक थर. चांदी प्रकाश स्वतःभोवती एकवटते, म्हणून तिथले डॉट कितीतरी जास्त उजळतात. अगदी चिकटली, तर उलट विझवते. हे आम्ही प्रयोगशाळेत करतो. हा माणूस फडक्याखाली पट्टी फिरवतो, बस्स. थुंकीचा काही संबंध नाही. मावशी, पिंकीला आत्ता दवाखान्यात न्या!"

पुतळाबाई जागच्या हलल्या नाहीत. "पण ताई, हिची काच लय लखलखली व्हती..."

शेवटी आम्हीच पोरीला उचलून रिक्षात घातलं. डॉक्टरांनी शर्थ केली. पिंकी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

महाराजांना अटक झाली. कोठडीत पहिल्याच जेवणाआधी त्यांनी स्वतःचं इन्सुलिन मागितलं. ते त्यांना वेळेवर मिळालं.

मला आता कुणाची कीव येत नाही, फक्त राग येतो. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि ते सोडा म्हणणारा स्वतः काय टोचून घेतो, हे आधी विचारा.