काळ्या टेकाडाची राखणदारीण

बकऱ्या घरच्याच आहेत, हे बायजाबाईने टेकाडाच्या पायथ्यावरूनच ओळखलं. पुढची बांडी बकरी करंजाच्या कोवळ्या रोपाचा शेंडा ओरबाडत होती. बायजाबाईची काठी क्षणभर थबकली. मग तिने कळप हाकलला आणि घराकडे न नेता सरळ गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातला.

बपेरा गावाजवळच्या मँगनीजच्या खाणीतला टाकाऊ दगड वर्षानुवर्षं एकाच जागी पडत गेला आणि त्याचं टेकाड झालं. त्याच्याखाली मोहा-सागाचं जंगल गाडलं गेलं. वारा सुटला की काळी धूळ घरात शिरायची, पाऊस आला की काळं पाणी धानाच्या बांध्यांत उतरायचं. पुढे खाण बंद पडली, टेकाड तेवढं राहिलं. अठ्ठ्याहत्तर साली वनखात्याने त्यावर रोपं लावली, तेव्हा राखणदारी बायजाबाईने मागून घेतली.

"बाईमाणूस तू. गावचे लोक ऐकतीन तुह्यं?" वनखात्याचा नाकेदार टेकचंदने विचारलं होतं.

"ऐकतीन जी," ती म्हणाली होती.

बकऱ्या कोंडल्या त्या संध्याकाळी तिचा नवरा सुखराम दारातच उभा होता. "आपल्याच बकऱ्या कोंडवाड्यात टाकल्या? काहून?"

"शेजारच्या नत्थूच्या असत्या त टाकल्या असत्या का नाई?"

"नत्थू काय तुहा नवरा हाय?"

"म्हणूनच त. आज तुमच्या सोडल्या, त उद्या साऱ्या गावच्या सोडा लागतीन."

खाणीतली मजुरी गेल्यापासून घर त्या बकऱ्यांवरच चालत होतं. सुखरामने दंड भरून त्या सोडवून आणल्या, पण बायकोशी बोलणं टाकलं. विहिरीवर बाया हसल्या, "नवऱ्याले कोंडवाडा दाखवला वो हिनं!" बायजाबाईने मान वर करून घागर उचलली. जिने घरच्यांना सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, हे मात्र गाव समजून चुकलं. टेकाडावर पुन्हा कुणाची बकरी चढली नाही.

उन्हाळ्यात रोपांनी माना टाकल्या. बायजाबाई खालच्या बोडीतून, म्हणजे लहानशा तळ्यातून, पाणी वाहू लागली. एका सकाळी मागे दगड खडखडले. सुखराम कावड घेऊन चढत होता.

"कुठून घालू?" त्याने विचारलं. कितीतरी दिवसांनी तो बोलला होता.

"त्या वाळल्या रांगेपासून."

काही रोपं मेली, त्यांच्या जागी दुसरी लावली. शिसम धरला, खैर धरला, बांबू माजला. टेकाडावरून पावसाचं पाणी नितळ उतरू लागलं. साकोलीकडचे वनमजूर ते बघायला आले, तेव्हा टेकचंदने बायजाबाईलाच पुढे चालायला सांगितलं. ती ताठ मानेने त्यांना सगळं टेकाड फिरवून आली.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात सुखरामची छाती पार भरली होती. खाणीतल्या धुळीने ती धरली होती. तरी तो हट्टाने म्हणाला, "मले वर ने." तिच्या खांद्याला धरून, थांबत थांबत तो चढला आणि शिसमाच्या बुंध्याला टेकून बसला.

"हा सारा गोटा म्याच वायला वो, बायजे. टोपल्यानं."

"म्हाईत हाय मले."

"वाटलं नोतं, याच्यावरच सावलीत बसीन म्हणून."

"बसा निवांत."

बोलता बोलता त्याला झोप लागली. दुपार कलली, पानांमधून ऊन त्याच्या तोंडावर आलं. बायजाबाई उठली आणि त्याच्या अंगावर आपली सावली पडेल अशी, उन्हाकडे पाठ करून उभी राहिली.