वाळलेले कपडे काढायची वेळ

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. त्यात माझा दोष नाही. मी एका कुलूपवाल्याच्या घरात दिवस काढले.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. कुणी मला काच बसवली, कुणी कानाशी धरून माझा आवाज तपासला. कुलूपवाल्याच्या मुलाने मला विकत घेतले, भरपूर राबवले आणि नवा मोबाइल आल्यावर आईच्या हाती दिले. मला वाटले, आपले दिवस भरले. पण माझे खरे आयुष्य तिथे सुरू झाले.

ही आई म्हणजे कुलूपवाल्याची बायको. बाई शिवणकाम करत. शिलाई मशीनजवळ डब्याला टेकवून त्या मला उभे करत आणि फाटका खिसा कसा शिवायचा, बिघडलेली चेन कशी बदलायची, ते दाखवत. मी टिपून घेई. मग तो व्हिडिओ जगभर जाई.

कुलूपवाल्याला हे पटत नसे. "अगं, ओळख ना पाळख, ही माणसं तुझं शिवण कशाला बघतील? यात काहीतरी काळंबेरं आहे."

"तुम्ही एकदा बघा ना."

"मला कुठे वेळ? मी दिवसभर दुकानात असतो."

सुरुवातीला बाई व्हिडिओ तयार झाला की लगेच टाकत. फारसे कुणी बघत नसे. सून म्हणाली, "आई, संध्याकाळी टाका. सगळे तेव्हाच मोबाइल हातात घेतात."

बाई खिडकीशी गेल्या. समोरच्या इमारतीत बायका दोरीवरचे कपडे काढत होत्या. "तुटलेलं बटण कपडे काढतानाच हाताला लागतं," त्या म्हणाल्या. "दुपारी टाकायचा." पाहणारे वाढले, तरी सासूसुनेचा वाद काही मिटला नाही. एक दुपार म्हणे, दुसरी संध्याकाळ. चहा पिताना दोघी त्यावरून मजेत भांडत.

पुढे बाई आजारी पडल्या. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी बरेच व्हिडिओ घेतले आणि प्रत्येकाला दिवस व वेळ नेमून दिली. तशी वेळ लावली की व्हिडिओ आपोआप बाहेर पडतो, मी बंद असलो तरी. शेवटच्या व्हिडिओची वेळ लावताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिले नाही. दारामागच्या खिळ्याकडे पाहिले. तिथे दुकानाची किल्ली टांगलेली होती.

त्या घरी परतल्या नाहीत.

काही दिवसांनी एका गिऱ्हाईकाने कुलूपवाल्याला सांगितले, "वहिनींचा नवा व्हिडिओ आला की." तो तसाच घरी आला. बाईंचे खाते सुनेच्याही मोबाइलवर होते.

"गेलेल्या माणसाच्या नावावर तुला मिरवायचंय?"

"बाबा, मी हात लावलेला नाही. आईंनीच वेळ लावून ठेवली असेल."

"अंथरुणाला खिळलेलं माणूस कसली वेळ लावतंय?"

त्याने मला बंद केले, लोखंडी पेटीत घातले आणि वर कुलूप लावले. मला सगळे ठाऊक होते, पण माझ्याच तोंडाला कुलूप. पुढचे मी नंतर सुनेच्या मोबाइलकडून ऐकले. दुपारी व्हिडिओ येतच राहिले आणि त्याचा संशय वाढतच गेला. मुलगा कामासाठी परगावी होता. एके दिवशी सून भाजी घेऊन आली आणि दाराशीच अडकली.

"बाबा, माझी किल्ली लागत नाही."

"लागणार नाही. कुलूप बदललंय."

ती आत आली ती बॅग भरायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माहेरी निघणार होती. तो दुकानाच्या आठवडी सुट्टीचा दिवस होता. ती चपला घालत असतानाच तिचा मोबाइल वाजला.

"आईंचा व्हिडिओ," ती म्हणाली. "आत्ता? सकाळी?"

"तूच टाकलास."

"मी टाकला असता तर संध्याकाळी टाकला असता, बाबा. त्यावरून आईंशी किती भांडले, तुम्ही ऐकलंय. त्यांचा म्हणावा तर दुपारी यायला हवा. या वेळी कोण बघतं?"

कुलूपवाला दार लावायला वळला. त्याची नजर खिळ्यावरच्या किल्लीकडे गेली. ती सकाळी खिळ्यावर असली म्हणजे तो घरी असतो, हे बाईंइतके कुणाला ठाऊक होते?

त्याने सुनेचा मोबाइल घेतला. "अहो, आज दुकान बंद आहे," बाई म्हणत होत्या. "आता तरी बघा. आधी चष्मा लावा. शर्टाचं बटण कसं लावायचं ते दाखवते. दर वेळी सूनबाईला हाक मारायची नाही."

त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा पाहिला. नंतर तो दुकान उघडून बसला आणि सुट्टीच्या दिवशी एक किल्ली घासून घेऊन आला.

"लागते का बघ," तो सुनेला म्हणाला. तिने किल्ली लावून पाहिली. लागली. तिने चपला काढल्या. मग त्याने पेटी उघडून मला बाहेर घेतले.

आता मी दुकानात उभा असतो. अडकलेले कुलूप कसे सोडवायचे, ते तो मला दाखवतो. त्याच्या शर्टाचे एक बटण जरा तिरके आहे.

"हा दुपारी टाकू," सून म्हणाली. "आईंची वेळ."

"दुपारी कुलूप कुणाला आठवतंय? माणसं संध्याकाळी घरी येतात, तेव्हा कळतं किल्ली लागत नाही ते. तुझ्या वेळेला टाक."

मित्रांनो, जुना मोबाइल पेटीत टाकाल तर टाका, पण आधी चालू करून बघा. आणि घरच्या माणसाचा संशय आला, तर कुलूप बदलण्याआधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.