जांबचा पूर आणि माहेरचे आठ दिवस

एकोणीसशे सत्तावन साली भोपाळच्या साहेबांनी पांढुर्ण्याच्या शाळेत सभा बोलावली. राज्य बदललं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, जुना कागद नागपुरातच राहिला, म्हणून जांब नदीच्या पूर-भिंतीचा विचार पुन्हा पहिल्यापासून! साहेब हिंदीत विचारत, पुंडलिकराव मास्तर मराठीत सांगत: भिंतीनं कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान?

नदीपलीकडच्या सावरगावची जयवंता कोपऱ्यात पदर सावरून बसली होती. तिची रजनी पांढुर्ण्याच्या खालच्या आळीत दिलेली. सासू केसरबाई म्हणजे महाकडक. सणालाही सुनेला माहेरी धाडायच्या नाहीत. पण वरच्या अंगाला आभाळ दाटलं की त्याच रजनीला लेकरांसकट उंचावरच्या सावरगावात पिटाळत आणि स्वतः मुलाबरोबर माळ्यावर मुक्काम ठोकत. मग जांब अशी फुगे की न्यायला येणार कोण, नि कसा? जयवंताच्या घरी तेवढे दिवस दिवाळी. भिंत झाली की ही दिवाळी बुडालीच म्हणायची.

खालच्या आळीतली माणसं एकेक करून उठत होती. कोणाची ज्वारी कुजलेली, कोणाचं घर बसलेलं. जयवंताच्या जिवाची नुसती घालमेल. गेल्या साली परत गेल्यावर गुडघाभर गाळ उपसून रजनी तापानं फणफणली होती, हे ती कसं विसरणार? लेक भेटावी म्हणून लेकीचं घर बुडावं, हे कोणत्या आईला शोभतं?

"भिंत पाहिजे त्यांनी हात वर करा," मास्तर म्हणाले.

सगळ्यात आधी हात वर गेला तो जयवंताचा. डोळ्यांना मात्र धार लागली.

खालच्या आळीतल्या बायकांत बसलेल्या केसरबाईंनी ते पाहिलं आणि त्या ताडकन उठल्या. "साहेब, एक नुकसान लिहाचं राहून गेलं. आमच्या ईहीनबाईचं! पूर नाही, तं लेक नाही."

मास्तरांनी हिंदीत सांगितलं. साहेबांना हसू आवरेना. "इसकी भरपाई कौन करेगा?"

"मी करीन ना! दर पावसाळ्यात आठ दिस रजनी सावरगावले जाईन. नदी कोरडी असली तरी आणाले कोणी येनार नाही."

जयवंतानं डोळे पुसले आणि लगेच घासाघीस मांडली. "आठ काहून, ईहीनबाई? पुराच्या वक्ती दहा दिस राह्यत होती पोरगी."

"आठच!" केसरबाई म्हणाल्या. "मले नका शिकवू. माळ्यावर बसून एकेक दिस मोजत होती मी. तिच्याबिगर घर खायाले उठते."